आबांच्या नावाचं मीटर

माझं काम काय, हे मळवलीत मला कुणालाच नीट समजावता आलेलं नाही. वीज-धोरणांची माहिती साठवणारे जे डेटाबेस असतात, त्यांना मी गुण देते. माहिती कुणालाही उतरवून घेता येते का, वापरायची परवानगी स्पष्ट लिहिली आहे का, मशीनला ती वाचता येते का, वगैरे. जास्त गुण मिळतील त्याची निवड होते आणि पुढे योजना त्याच्या आकड्यांवर चालतात. मी राहते त्या बंगल्याची देखभाल करणाऱ्या मावशींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, "ताई लायटीची बिलं तपासत्यात." मी वाद घातला नाही.

बंगल्याची मागची खोली माझ्याकडे भाड्याने आहे. खिडकीतून भाजे गावाच्या वरचा डोंगर दिसतो. मावशींची वाडी तिथली. विजेच्या तारा तिथवर कधी गेल्याच नाहीत. वाडीला सोलरचा एक सामायिक प्लांट होता आणि त्याच्या बॅटऱ्यांवर मावशींच्या सासऱ्यांचं, आबांचं, ऑक्सिजनचं मशीन चालायचं. खाणीत दगड फोडून आबांची छाती गेली होती. संध्याकाळी फरशी पुसता पुसता मावशी मान वर करून डोंगराकडे बघायच्या. दिवा दिसला की पुन्हा पुसायला लागायच्या.

गेल्या वर्षी माझ्याकडे जे काम आलं ते असं होतं: कुठल्या वाड्यांना नव्या बॅटऱ्या द्यायच्या आणि कुठून सोलर काढून न्यायचं, हे ठरवण्यासाठी एक डेटाबेस निवडायचा. शेवटी दोन उरले. एक म्हणजे स्कॅन केलेल्या वाकड्या कागदांचा गठ्ठा, तोही अर्ज केल्याशिवाय न उघडणारा. दुसरा देखणा. परवानगी स्वच्छ, प्रत्येक रकान्याचा अर्थ समजावलेला, चूक कळवायला बटणसुद्धा. असलं नेटकं काम बघून मला खरंच आनंद होतो, हसायचं तर हसा.

ओळखीचं एखादं ठिकाण उघडून बघायची मला खोड आहे. मी मावशींची वाडी उघडली. वीजजोड, सगळ्या घरांना. वापर, पुण्यातल्या एसीवाल्या सोसायट्यांपेक्षा जास्त. शेवटचा रकाना, सोलरची गरज नाही. आधी मला हसू आलं. मग मी मावशींना हाक मारली.

"मावशी, तुमच्याकडे मीटर आहे?"

"हाय की. आबांच्या नावावं हाय."

"कुठं?"

"ह्ये काय, हितं." त्यांनी झाडूने बंगल्याच्या पोर्चकडे दाखवलं.

इकडची रीतच तशी. बंगल्यांच्या जमिनी आधी वाडीतल्यांच्याच होत्या. जमिनी विकल्या गेल्या, बंगले उठले, पण मीटरं जुन्याच नावांवर राहिली, वाडीच्या पत्त्यासकट. बिल मालक भरतो, नाव बदलायच्या भानगडीत कुणी पडत नाही. वाडीतले लोकही विचारलं की अभिमानाने सांगतात, मीटर आहे. नाव आपलं असलं की वस्तूही थोडी आपली राहते, असं त्यांना वाटत असावं. त्यामुळे स्विमिंग पूलचा पंप, गीझर, शनिवार-रविवारचे एसी, सगळं त्या अंधाऱ्या डोंगराच्या खात्यात चढत होतं.

"सोलरच्या हापिसातलं टोपीवाले दोगं वाडीत येऊन गेले, ताई," मावशी म्हणाल्या. "ब्याटऱ्यांचं फोटू काडलं. नव्या देनार आसत्याल न्हवं?"

मी आमच्या टीमच्या सरांना फोन केला. सर माणूस वाईट नाहीत. "माहिती खुली आहे का, एवढंच आपण बघतो," ते म्हणाले. "खरी आहे का, ते दुसरी टीम बघेल."

"कुठली टीम?"

"ती अजून नेमायची आहे."

मी फोनवर ओरडले. ते म्हणाले, शेऱ्यात लिहा. मी पानभर शेरा लिहिला, आबांच्या मशीनसकट. त्या देखण्या डेटाबेसचे गुणही कापून बघितले, पण निकषांप्रमाणे त्यात खोट सापडेना म्हणून वरच्यांनी ते परत वाढवले. त्याचीच निवड जाहीर झाली तेव्हा मी आमचा अहवाल उतरवून घेतला. शेऱ्यांचा रकानाच त्यात नव्हता. मोकळा मजकूर ठरलेल्या साच्यात बसत नाही, म्हणून आमच्याच नियमाने तो गाळला होता. तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या कामाची भीती वाटली.

शेवटी मी त्या डेटाबेसवरचं चूक कळवायचं बटण दाबलं. पुरावे जोडले, मीटरचा फोटो जोडला. उत्तर यायच्या आधीच वाडीतल्या बॅटऱ्या गाडीत भरून गेल्या. आबांना झोळीतून खाली आणलं आणि मशीनसकट माझ्या खोलीत ठेवलं. मालकाला आम्ही सांगितलं नाही. मशीनची घरघर माझ्या टेबलाशेजारी चालू असायची आणि लाइट जराशी फडफडली तरी मावशी आणि मी एकमेकींकडे बघायचो.

मग एका दुपारी फाटकाशी लाइनमन आला. हातात पक्कड, मोबाइलवर माझीच तक्रार.

"ह्या मीटरचा मानूस डोंगरावर ऱ्हातो, अशी तक्रार हाय," तो म्हणाला. "तसं आसंल तर जोड आजच कापायचा. नाव बदललं की परत जोडू. वाडीची नोंद बी सुदारंल. हितंच ऱ्हात आसंल, तर तक्रार बंद."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. नाव बदलायला किती महिने लागतात, ते आम्हा दोघींना माहीत होतं. वर वाडीतली बाकीची घरं अंधारात होती, तेही माहीत होतं. आत मशीन घरघरत होतं.

"इथेच राहतात," मी म्हणाले. "आत झोपलेत."

त्याने खिडकीतून डोकावून बघितलं, फोटो काढला, मोबाइलवर एक खूण केली. वाडीची नोंद बरोबर आहे, असं त्याने मला स्क्रीन वळवून दाखवलं.

संध्याकाळी मावशी फरशी पुसत होत्या. सवयीने त्यांनी डोंगराकडे मान वर केली आणि तशाच बघत राहिल्या.