मायनं वाळवलेली माती

दोन हजार सालाच्या आसपास मी मृदाशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि प्रबंधासाठी आमच्याच हळदीच्या रानातली माती निवडली होती. कळमनुरीजवळ आमचे दोन पट्टे. वरच्या पट्ट्याला माय वर्षानुवर्षं डोक्यावरून शेणखत वाहायची, खालच्याला बाबा नुसतं पोत्यातलं खत टाकायचे. हळद दोन्हीकडे दिसायला सारखीच. त्यामुळे गाई विकून टाकायच्या, असं बाबांचं ठरत आलं होतं. माय मला एकटीला गाठून म्हणाली, "तुझ्या त्या यंत्रात बघ बरं, माझ्या टोपल्यानं कायी व्हतं का न्हाई ते."

मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात किती कार्बन आहे, ते मला मोजायचं होतं. म्हणजे माती किती जिवंत आहे ते. त्यासाठी माती ओली आणि गार राहायला हवी. दोन्ही पट्ट्यांतली माती चाळून पिशव्यांत भरली, माठाजवळ ठेवली आणि थर्माकोलच्या डब्यासाठी बर्फ आणायला वारंगा फाट्यावरच्या रसवंतीवर गेले. परत येऊन पाहते तर खळ्यावर, उकडलेल्या हळदीशेजारी, दोन पोती अंथरलेली आणि त्यांवर माझी माती. छान पातळ पसरलेली, कडकडीत वाळलेली.

"ओली ठिवली असती तं बुरशी धरली असती," माय म्हणाली. "अन् तपासायला माती वाळवूनच देतेत की. दोन्ही न्यारी न्यारी ठिवली, बघ."

नेहमीच्या माती परीक्षणाला खरंच वाळवून देतात. तिच्यावर रागवावं तरी कसं? तरी मी रागावलेच.

"माय, सगळे जीव उन्हात मारले तू!" मला रडूच फुटलं.

ती क्षणभर हिरमुसली, मग कुदळ उचलून म्हणाली, "चल. रान काय पळून गेलं का?"

दुपारीच पुन्हा खणलं. तोवर निम्म्या बर्फाचं पाणी झालं होतं. या वेळी तिने डबा कुणाच्या हाती दिला नाही. एसटीत तो मांडीवर घेऊन ती माझ्यासोबत थेट विद्यापीठापर्यंत आली.

प्रयोगशाळेत मी प्रत्येक मातीचे दोन वाटे केले. एक वाटा जाड काचेच्या भांड्यात, क्लोरोफॉर्मच्या वाटीसोबत, बंद केला.

"हे काय करून राहिली?"

"याच्या वाफेनं यातले जीव मरतात आणि त्यांच्यातला कार्बन मातीत सुटतो. दुसऱ्या वाट्यातले तसेच जिते ठेवायचे. मग दोन्हींतला सुटा कार्बन मोजायचा. जेवढा फरक, तेवढा जीव."

मायने कमरेवर हात ठेवले. "आगं भवाने, तुलाबी मारायचेच व्हते, तं माझ्या नावानं काहून बोंबलली?"

सगळी प्रयोगशाळा हसली. मीही पोट धरून हसले. अजूनही ते भांडं पाहिलं की मला तिचा तो आवाज ऐकू येतो.

आकडे हाती आले तेव्हा मी दोनदा पडताळून पाहिले. वरच्या पट्ट्यात खालच्यापेक्षा कितीतरी जास्त जीव होता. मला इतका आनंद झाला, की मी पुढचं काम तसंच टाकून घरी गेले. बाबा ओसरीवर तंबाखू मळत होते, माय चुलीपाशी भाकरी थापत होती. मी दोघांना ऐकू जाईल असं सगळं सांगितलं.

बाबांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली दाबली. म्हणाले, "मंग राहू द्या गाई."

मायने भाकरी उलटली. "म्या इतकी वर्सं टोपलं वाहून राहिले, ते कुणाला दिसलं न्हाई," ती म्हणाली. "अन् जे डोळ्याला दिसतबी न्हाई, ते तुमाला दिसलं, व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गोठ्यामागे गेले, शेणखताचं टोपलं भरलं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं.