सरांचा आवाज घरभर

आमच्या शेजारचे गुरुपादप्पा सर म्हणजे लातुरातल्या क्लासमध्ये केमिस्ट्रीचं मोठं नाव. माईक हातात आला की हॉलभर पोरं चिडीचूप. घरात मात्र बायकोला ‘मीठ कमी पडलंय’ एवढं सांगायलाही घसा खाकरावा लागतो.

रिटायर झाल्यावर सरांनी वर खोल्या चढवल्या आणि ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारी पोरं भाड्यानं ठेवली. त्यांना उठवायला जिने चढून गुडघे गेले, म्हणून खोलीखोलीत स्पीकर बसवले. वायर नाही, काही नाही. खाली कॉम्प्युटरवर अभंग लावला की वायफायवरून साऱ्या घरात. “सर, तुमची पोरं उठोत न उठोत, आमचं घर रोज उठायलंय,” मी एकदा म्हटलं. सर म्हणाले, “अन् त्याची फी बी घेत न्हाई.”

साऱ्या घरात म्हणजे मागची पत्र्याची खोली सोडून. ती शरणम्माअक्कांची, सरांच्या मंडळींची. अक्कांचं माहेर किल्लारीचं. भूकंपात दगडी भिंतींवरचं मातीचं माळवद कोसळून आई गेली, तेव्हापासून अक्का स्वयंपाक स्लॅबखाली करतात, पण पाठ टेकतात ती पत्र्याखालीच. यंदा सरांनी तीच खोली पाडून आणखी पोरांची सोय करायचं काढलं. अक्का नको म्हणाल्या, तर सर बोलून गेले, “इतकी वर्षं झाली. भूकंप काय तुझा पत्ता विचारत येणार हाय?”

झालं! अक्कांनी बोलणंच टाकलं. भाकरी वेळेवर, चहा वेळेवर, शब्द नाही. आणि खोली पाडायला मिस्त्री तर सोमवारी येणार.

रविवारी दुपारी सर कॉम्प्युटरसमोर बसले. समोर जाऊन बोलायची छाती होईना. अक्का स्वयंपाकघरात असतील, तिथला तेवढाच स्पीकर लावून माईकवरून सांगून टाकावं, असा बेत. पण बोट पडलं ‘सगळे स्पीकर’वर.

मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. सरांच्या साऱ्या खिडक्या एकदम बोलायला लागल्या, “शरणम्मा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं. बोल की गं आता!” त्यात एकेक स्पीकर मागंपुढं, त्यामुळं चुकलं, चुकलं, चुकलं असं घुमत राहिलं. मास्तरानं इतक्यांदा चूक कबूल केलेली लातुरात कुणी ऐकली नसेल.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. “सर, उत्तर बरोबर हाय!”

ऐकलं नाही ते फक्त अक्कांनी. त्या पत्र्याच्या खोलीत जात्यावर डाळ भरडत होत्या. जातं थांबलं तसा पोरांचा गलका कानी पडला, आणि पदर झटकत बाहेर आल्या.

“काय झालं गं? पोरं का ओरडायलीत?”

माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. पण गिळलं. “मला काय ठाऊक, अक्का? सरांनाच इचारा.”

तेवढ्यात सर मागच्या दारात आले. कान लालभडक. घसा खाकरला, पोरांकडे न बघता अंगण ओलांडलं आणि परत आत वळलेल्या अक्कांच्या मागोमाग पत्र्याच्या खोलीत शिरले.

सोमवारी मिस्त्री आला, अक्कांच्या हातचा चहा पिऊन परत गेला. पत्रा जागेवर हाय.

सर आत काय बोलले, ते मात्र मला अजून कळलेलं नाही. त्या खोलीत स्पीकर नाही ना!