त्याच नंबरचा दुसरा प्लॉट

गेल्या नवरात्रात, अष्टमीच्या दुपारी, बेसा भागातल्या आमच्या घरी आलेल्या एका सरकारी बाईंनी माझ्या नवऱ्याला विचारले, “जीव द्यावासा वाटते काय?” ते “हो” म्हणाले.

त्याआधी बरेच दिवस ते बोलेनासे झाले होते. झोप नव्हती, कामावर लक्ष नव्हते. काय झाले विचारले की “काही नाही” एवढेच उत्तर मिळे. मी रोज देवीसमोर बसत असे, पण आपले कोणी ऐकते आहे का, ही शंका मन सोडत नव्हती.

घट बसल्यापासून आमच्याकडे अखंड दिवा असतो. घर रिकामे ठेवत नाहीत, कोणीतरी दिव्यापाशी थांबावे लागते. अष्टमीला सासूबाई आणि मी ओटी भरायला कोराडीच्या देवीच्या देवळात निघालो, तेव्हा ते आपणहून म्हणाले, “दिव्यापाशी मी बसतो. तुम्ही निवांत या.” देवघरात कधी न बसणारा मुलगा असे म्हणतो आहे, हे ऐकून सासूबाई हरखल्या. “पाय वं, देवीनं माह्या पोराले बुद्धी देली!” मलाही तो शुभशकुन वाटला.

आम्ही चपला घालत होतो, तोच फाटक वाजले. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. घरोघरी जाऊन माणसांची विचारपूस केली तर आत्महत्या रोखता येतात का, याचा सरकारी अभ्यास सुरू आहे, असे त्यांनी सांगितले.

“अष्टमीच्या दिवशी? घटासमोर?” सासूबाई भडकल्या. “काहून असं अभद्र बोलून राहिली वं?”

“घटासमोर नाही, आजी. अंगणात एकेकाले विचारते. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात येत नाही. असलं तं बाहेर येते, असं आम्हाले ट्रेनिंगमध्ये सांगतलं हाय.”

“सरकारले आता हेही पायजे काय?” असे पुटपुटत सासूबाईंनी त्यांना पाणी दिले.

माझी उत्तरे मी घाईने दिली. कोराडीची बस चुकेल, याकडे लक्ष होते. मग माझ्या नवऱ्याची पाळी आली, ते अंगणात गेले. मी ओट्यावर होते, प्रश्न मला ऐकू आला. ते खाली पाहत “हो” म्हणाले.

“केव्हा?”

“आज. ह्या दोघी गेल्यावर.”

माझ्या हातातली पिशवी सुटली. नारळ गडगडत अंगणात गेला.

बाईंचा आवाज बदलला नाही. “बोलले ते बरं झालं, भाऊ. आता मी इथंच हाओ.” त्यांनी फोन लावले, ऑटो बोलावला, “यांना क्षणभरही एकटे सोडू नका,” असे मला बजावले. मला भीती वाटत होती, आणि त्याच वेळी आनंदाने ओरडावेसे वाटत होते. ते बोलले होते! माझ्यासमोर जिवंत बसले होते!

दिव्याचे काय, असा विचार माझ्या मनात येईपर्यंत सासूबाई म्हणाल्या, “दिव्यापाशी मी हाओ. तू याच्यासंग जाय. हात सोडू नको.”

ऑटोत बाईंनी वरिष्ठांना फोन केला, तेव्हा चूक कळली. बाईंना शेजारच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, जायचे होते. दोन्ही लेआउटमध्ये त्याच नंबरचा प्लॉट आहे. आमचे घर अभ्यासात नव्हतेच. हे सांगताना त्या हसल्या. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला त्याच दिवशी दाखल करून घेतले.

हा चमत्कार होता, असे मी म्हणत नाही. पत्ता चुकला, एवढे मला ठाऊक आहे. मात्र देवीकडे मागताना उत्तर कोणत्या वाटेने यावे हेही मीच ठरवत असे. ते आता तिच्यावर सोडले आहे. ज्या प्रश्नाला आम्ही अभद्र म्हटले, त्यासाठी मी तिचे आणि त्या बाईंचे रोज आभार मानते.

उपचार सुरू आहेत. या मंगळवारी ते तपासणीसाठी बसने एकटेच दवाखान्यात गेले. दुपारी परत आले आणि जेवले.