चढावरची टिकटिक

इलाही मिस्त्री बसऱ्याहून परत आला तेव्हा कोल्हापुरात मोटारी मोजक्याच होत्या. शाहू महाराजांच्या राज्याची ती शेवटची वर्षं. महायुद्ध संपलं होतं, आणि सरदार-जहागीरदारांनी वापरून जुन्या झालेल्या गाड्या हळूहळू व्यापाऱ्यांच्या हाती येऊ लागल्या होत्या.

इलाही कल्हईवाल्याचा मुलगा. लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करायला म्हणून तो तिकडं गेला आणि इंजिन उघडायला-जोडायला शिकून आला. आणखी एक गोष्ट तो घेऊन आला होता, ती त्यानं कुणाला सांगितली नाही. दारूगोळ्याचा एक साठा उडाला तेव्हा तो जवळच होता. त्या दिवशी डावा कान कायमचा गेला. उजव्या कानानं समोरचं माणूस मोठ्यानं बोललं तरच कळायचं, तेही ओठांकडं बघून.

कोल्हापुरात हे खपून गेलं. इथं माणसं शेजारच्याशीसुद्धा ओरडूनच बोलतात. एखादं वाक्य निसटलं तर इलाही मान हलवायचा, आणि लोक म्हणायचे, मिस्त्री मोठा मितभाषी माणूस. खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, हाफिजाला, ठाऊक होतं.

गुळाचे अडत्ये गणपतराव यांनी एक जुनी मोटार घेतली. मागचा भाग कापून लाकडी बाकं बसवली आणि कोल्हापूर ते नृसिंहवाडी अशी उतारूंची ने-आण सुरू केली. गाडीची देखभाल इलाहीकडं, आणि चालवायला गडमुडशिंगीचा कृष्णात. कृष्णात आधी टांगा हाकायचा. मोटारीलाही तो जनावरासारखाच जपायचा. चढ आला की नकळत जिभेनं टकटक आवाज काढायचा.

दिवाळीनंतर एके दिवशी त्यानं गाडी आणून उभी केली आणि इलाहीच्या समोर येऊन म्हणाला, “मिस्त्री, इंजिन टिकटिक करतंय. घड्याळावानी.”

“चालू ठेव,” इलाही म्हणाला.

इंजिन ऐकायची त्याची एक रीत होती. लांब सळईचं एक टोक तो इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि दुसरं दातांत धरायचा. कानांनी दगा दिला तरी हाडं ऐकत होती. धातूतून आलेला ठोका जबड्यातून थेट डोक्यात उमटायचा. लोकांना वाटायचं, ही लष्करातली विद्या. त्या दिवशी त्यानं एकेक जागा चाचपली आणि तिसऱ्या नळकांड्यापाशी थांबला. तिथल्या व्हॉल्व्हची फट वाढली होती. त्यानं ती कमी केली. टिकटिक थांबली. कृष्णातनं हसून मान डोलावली.

पंधरवड्यानं आवाज परत आला. या खेपेला मात्र गाडी उभी असताना काहीच वाजत नव्हतं. इलाहीनं पुन्हा सळई दातांत धरली, एकेका प्लगची ठिणगी बंद करून पाहिली, हाताला काही लागलं नाही.

“कवा वाजतं?” त्यानं विचारलं.

“चढाला. माणसं भरल्याली असली की.”

“कसं वाजतं?”

कृष्णातनं तोंडानं आवाज काढून दाखवला. इलाही त्याच्या ओठांकडं पाहत राहिला. ओठ हलताना दिसले, आवाज कळला नाही. तो म्हणाला, “बरं, बघतो.” धावत्या गाडीत, चढावर, सळई दातांत धरून कोण बसणार?

घरी येऊन त्यानं हाफिजाला सांगितलं. तिचं माहेर कुरुंदवाडचं. वाडीला उतरून नावेनं पलीकडं गेलं की झालं. इलाही म्हणाला, “आईला भेटून ये. जाताना पुढच्या बाकावर बस. चढाला काय वाजतंय, ते मला येऊन सांग.”

“मला काय कळतंय इंजिनातलं?”

“तुला कळायचं न्हाय. तू नुसतं आयक.”

हाफिजा दोन दिवसांनी परतली. डोक्यावरची चादर बाजूला सारून ती चुलीपुढं बसली आणि इलाहीचा हात हातात घेऊन त्याच्या तळव्यावर बोटानं ठोके देऊ लागली. “चढाला असं. ठक, ठक, ठक. जड. उखळात मुसळ पडल्यावानी, पर लांबून. आन् चढ सरला, त्यानं पाय सैल सोडला, की असं.” तिनं दोन ठोके जोडून दिले. “टक-टक. टक-टक. मग गप.”

इलाहीनं तिला तेच तीनदा करायला लावलं. मग हात काढून घेतला. हा व्हॉल्व्ह नव्हता. पिस्टनचा दांडा ज्या ब्यारिंगवर फिरतो, त्या ब्यारिंगचं मऊ धातूचं अस्तर झिजलं होतं. दांडा आत ढिला झाला होता आणि ओझं पडलं की आपटत होता. असा दांडा एक दिवस तुटतो. बसऱ्याच्या रस्त्यावर त्यानं तुटलेले पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गणपतरावांकडं गेला. “मालक, गाडी थांबवा. इंजिन खालनं उघडाय लागंल. ब्यारिंग गेलंय.”

दत्तजयंती तोंडावर आली होती. वाडीच्या उतारूंची अडतीच्या दारात रीघ होती. गणपतराव म्हणाले, “तूच की मागल्या महिन्यात दुरुस्त केलंस म्हनून सांगितलंस.”

“ते निराळं हुतं. हे निराळं हाय.”

“तू सोता आयकलंस?”

बायकोनं ऐकलं म्हणावं, तर तू का ऐकलं नाहीस असं विचारतील. बहिरा मिस्त्री कोण ठेवणार?

“व्हय,” तो म्हणाला. “आयकलं की.”

गणपतराव उठले, बाहेर आले. कृष्णातला त्यांनी गाडी सुरू करायला सांगितली. इंजिन फडफडत चालू झालं. गणपतरावांनी कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग वळून इलाहीकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “आता वाजतंय काय?”

इलाहीनं प्रश्न ओठांवरून ओळखला. पायाखालची जमीन गाडीनं थरथरत होती, एवढंच त्याला कळत होतं. ब्यारिंग गेलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मालकाला पटवायचं, म्हणून तो म्हणाला, “वाजतंय की. हे काय.”

इंजिन त्या वेळी अगदी स्वच्छ चालत होतं. उभे असलेले दोघं-तिघं उतारू एकमेकांकडं पाहून हसले. कृष्णातनं मान खाली घातली.

“न्हाय वाजत,” गणपतराव शांतपणे म्हणाले. “तुझ्या डोस्क्यात वाजतंय, इलाही. जत्रा होऊ दे, मग उघड काय उघडायचं ते.”

कृष्णात म्हणाला, “मालक, चढाला वाजतंय पर…”

“चढाला बैलबी धापा टाकतंय,” गणपतराव म्हणाले आणि आत गेले.

इलाहीला आणखी बोलता आलं असतं. आत जाऊन, दार लावून, मला ऐकू येत नाही पण हे खोटं नाही, एवढं सांगता आलं असतं. तो गेला नाही. गाडीपाशी येऊन त्यानं कृष्णातचा दंड धरला. “चढाला माणसं उतरव. रिकामी गाडी चढव. हळू.”

“व्हय मिस्त्री,” कृष्णात म्हणाला. त्यानं तसंच केलं. जत्रेच्या दिवसांत प्रत्येक चढाला तो उतारूंना खाली उतरायला लावायचा. लोक कुरकुरायचे, पैसे देऊन चालायचं का म्हणून भांडायचे. तो म्हणायचा, “उतरा पावणं, जुनं इंजिन हाय.”

जत्रेहून परतताना, चोकाकच्या अलीकडच्या ओढ्याच्या चढावर, दांडा तुटला. इंजिनाचं लोखंडी पोट फोडून तो बाहेर आला आणि इंजिन बंद पडलं. कृष्णात एकटाच गाडीत होता. उतारू गाडीमागून चालत येत होते. त्यांनी नंतर सांगितलं ते असं: गाडी थांबली, मग मागं घसरू लागली. झिजलेला ब्रेक धरला नाही. कृष्णातनं मागं वळून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन उभी होती, तिला काय करावं सुचत नव्हतं. कृष्णातला उडी टाकता आली असती. त्यानं चाक ओढ्याकडं फिरवलं. गाडी काठावरून उलटली आणि तो तिच्याखाली आला. लोकांनी गाडी उचलेपर्यंत तो गेला होता.

इंजिन बैलगाडीतून कोल्हापुरात आणलं. इलाहीनं ते उघडलं. ब्यारिंगचं अस्तर वितळून वाहून गेलं होतं. गणपतराव जवळ उभे होते. त्यांनीही ते पाहिलं. आपलं निदान बरोबर होतं याचा त्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त तिटकारा आला.

तो आणि हाफिजा गडमुडशिंगीला गेले. कृष्णातची आई झुंबरबाई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. इलाही तिच्यासमोर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. कान गेल्याचं, हाफिजानं ऐकल्याचं, मालकापुढं खोटं बोलल्याचं. आयुष्यात पहिल्यांदा तो परक्या माणसापुढं हे बोलत होता, आणि आवाज किती मोठा लागलाय हे त्याला कळत नव्हतं. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या.

झुंबरबाईनं हातानं त्याला थांबवलं. ती काहीतरी बोलली. इलाहीला कळलं नाही. त्यानं हाफिजाकडं पाहिलं. हाफिजा रडत होती. तिनं त्याच्याकडं तोंड करून, सावकाश सांगितलं, “त्या म्हनत्यात, कृष्णातला ठावं हुतं. पहिल्यापासनं. घरी येऊन सांगायचा, मिस्त्रीला आयकू येत न्हाय, म्हनून मी समोर जाऊन बोलतो. कुनाला सांगू नगं म्हनायचा, रोटी जाईल त्याची.”

इलाहीला अडतीच्या दारातली ती सकाळ आठवली. कृष्णातनं मान का खाली घातली होती, ते त्याला आता कळलं. मिस्त्रीला ऐकू येत नाही पण चढाला ते खरंच वाजतं, असं मालकाला सांगून गाडी थांबवणं कृष्णातच्या हातात होतं. मिस्त्रीची भाकरी वाचवायला तो गप्प राहिला होता.

झुंबरबाईनं दोघांना पाणी दिलं. जा म्हणाली नाही, परत या असंही म्हणाली नाही. हाफिजा मात्र पुढं अधूनमधून जात राहिली. कधी दळण घेऊन, कधी नुसतीच. झुंबरबाई तिच्याशी बोलायची. इलाहीशी ती त्यानंतर कधी बोलली नाही.

गणपतरावांनी दुसरी गाडी आणली, दुसरा मिस्त्री ठेवला. इलाहीनं मंगळवार पेठेत एक पत्र्याची खोली घेतली. गुऱ्हाळांची तेलावरची इंजिनं, पंप, क्वचित एखादी मोटार तिथं येई. कुणीही आलं की काम हातात घेण्याआधी तो सांगायचा, “मला आयकू येत न्हाय. माझी बायको आयकंल आन् मला सांगंल. चालत असंल तर ठेवा.”

निम्मे लोक तसेच परत जायचे. तो त्यांना थांबवायचा नाही. जे थांबायचे त्यांच्या इंजिनापाशी हाफिजा पदर खोचून उभी राहायची, आणि इलाही तिच्यापुढं आपला उघडा तळवा धरायचा.