प्लास्टरमामांचा उद्या

तर तो टॉवेल काही केल्या निघेना. प्लास्टरमामा ओढताहेत, टेबलावरचं पोरगं खिदळतंय आणि दारात उभी त्याची आई एका डोळ्याने हसतेय, एका डोळ्याने रडतेय. मांडीचं हाड मोडलं की लहान पोराला छातीखालपासून पार पावलापर्यंत प्लास्टर घालतात. ते घालताना मामा पोटावर टॉवेलची घडी ठेवायचे आणि प्लास्टर घट्ट होत आलं की ओढून काढायचे. मागे पोकळी उरायची, ती जेवणाची जागा. नाहीतर चार घास पोटात गेले की पोर कासावीस. अखेर टॉवेल सुटला, मामा मागच्या बादलीत बसले आणि पोरगं म्हणालं, "आता तुमचं कोण बांधणार?"

असे आमचे मामा. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर प्लास्टरची खोली, भुवयांवर कायम पांढरी धूळ. घरी गेले की बायको दारातच अडवायची, "अहो, आधी हात धुवा, नाहीतर संसारालाही प्लास्टर घालाल." टॉवेल तिनेच जुन्या चादरी फाडून शिवलेले.

लेकरांची हाडं जुळताना मामांनी उभा जन्म पाहिली. जराशी वाकडी जुळली तरी वाढत्या अंगात सरळ होतात. वर्षभराने तेच पोर जिन्यावरून उड्या मारत खाली येतं. मोठ्या माणसांची ऑपरेशनं वरच्या मजल्यावर. तिकडे मामांचं काम नसे. त्यामुळे मांडीचं हाड म्हटलं की त्यांच्या डोक्यात एकच बसलेलं : जुळतं.

आणि एक दिवस साठी ओलांडलेली त्यांची बायको न्हाणीघरात घसरली. मोडलं ते मांडीचंच.

सर्जन मामांना मानणारा. म्हणाला, "मामा, हाडात रॉड टाकू. दोन-चार दिवसांत काकूंना उभं करतो."

"पायाला वजन लावून नुसतं ठेवलं तर नाही जुळणार?"

"जुळेलही. पण पोरं पडून राहिली तरी धडधाकट असतात. या वयात पडून राहिलं की हाड जुळायच्या आत छाती बिघडते."

मामांना तिला चिरायची कल्पनाच सोसेना. "उद्या सांगतो," म्हणाले.

तोवर म्हणून हाड ताणून धरायला पायाला दोरी बांधली, ती पलंगाच्या कप्पीवरून घेतली, टोकाला वजन. गाठ मामांनीच मारली.

बायको म्हणाली, "लग्न झालं तेव्हा म्हणत होतात, पायात बेडी पडली. घातलीत ना शेवटी माझ्या पायात?"

"अगं, जुळेल. मी रोज बघतो."

"मग झालं तर."

सर्जन तिलाही विचारून बघे. ती म्हणे, "ह्यांना विचारा. हाडांचं त्यांना कळतं." आणि मामा म्हणत, उद्या. असे कितीतरी उद्या गेले. पुढे सर्जनने विचारणंच सोडलं.

मग तिला खोकला लागला, ताप आला, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. अशातच एका सकाळी मामा एक्स-रे घेऊन लगबगीने आले. मोडलेल्या जागेभोवती नव्या हाडाचा ढगासारखा पुंजका धरला होता. "बघ, जुळतंय," म्हणाले. तिने तो उलटाच धरला, बराच वेळ पाहिला आणि धापा टाकत म्हणाली, "छान आलाय."

संध्याकाळी ती गेली. नर्स दोरी कापायला कात्री घेऊन आली. मामा म्हणाले, "राहू द्या." आपण मारलेली गाठ त्यांनी बोटांनी सोडवली. वेळ लागला. वजन तेवढं अलगद खाली ठेवलं.

मामा अजून त्याच खोलीत आहेत. पोरं अजून खिदळतात. टॉवेल मात्र विरत चाललेत, नवे शिवणारं कोणी नाही.

परवा एक बाप्या खाली आला. "मामा, आमच्या आईचं मांडीचं हाड मोडलंय. डॉक्टर रॉड म्हणतात, ती नको म्हणते. उद्या ठरवू म्हणतोय. लोक सांगतात, हाडांचं मामांना विचारा. नुसतं पडून राहून जुळेल का हो?"

मामांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

"जुळेल. माझ्या बायकोचंही जुळत होतं. जा, आईला समजाव आणि रॉडची सही आजच कर."