झेरॉक्सच्या दुकानातलं विमान

किस्से काही कुणी जमवायला बसत नाही. एक खोली घ्या, त्यात एक धड न चालणारी वस्तू ठेवा, आणि ती आपल्यालाच दुरुस्त करता येते अशी खात्री असलेली चार माणसं तिच्याभोवती बसवा. बाकीचं आपोआप होतं. आमची खोली रेवदंड्यात, माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या मागं. पूर्वी तिथं सायबर कॅफे होता. मग गावातल्या प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट आलं, कॅफे बसला आणि एक दणकट कॉम्प्युटर तेवढा उरला. त्यावर आम्ही विमान उडवतो. खोटं, पण मनापासून.

आम्ही म्हणजे फ्रिज-एसी दुरुस्त करणारे अशफाकभाई, शाळेत गणित शिकवणारे गायकवाड सर, जन्मभर मासेमारीची बोट चालवून आता घरी बसलेले नाथाकाका, आणि मी. धड न चालणारी वस्तू म्हणजे थ्रॉटल, विमानाच्या इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचे दांडे. पुढं ढकलले की जोर वाढतो, मागं ओढले की कमी होतो. एवढंच त्याचं काम, आणि नेमकं तेवढंच तो नीट करत नाही.

* * *

थ्रॉटल आणला अशफाकभाईंनी, मुंबईहून, कुणाचा तरी जुना. गेटवेला मांडव्याच्या बोटीसाठी रांगेत उभे होते. पिशवीतून दोन दांडे आणि वायरींचा गुंता बाहेर डोकावत होता. पोलिसानं बाजूला घेतलं आणि हे काय म्हणून विचारलं. अशफाकभाई खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष. त्यांनी सरळ सांगितलं, विमानाचा थ्रॉटल.

पोलिसानं पिशवीकडं पाहिलं, मग अशफाकभाईंकडं पाहिलं.

"विमान कुठंय?"

"रेवदंड्याला. झेरॉक्सच्या दुकानात."

ती बोट चुकली. पुढच्या बोटीत मात्र त्याच पोलिसानं त्यांना हाताला धरून नेऊन बसवलं आणि खलाशाला हळूच सांगितलं, माणूस चांगला वाटतो, पण मांडव्यापर्यंत जरा लक्ष ठेव.

* * *

थ्रॉटल नवा जोडला की तो कॅलिब्रेट करावा लागतो. म्हणजे कॉम्प्युटरला दाखवायचं, बाबा रे, हे दांड्याचं खालचं टोक, हे वरचं टोक आणि हा मध्य. मी एकटीच होते. दांडा मध्यावर धरून ठेवा, असं स्क्रीनवर आलं, आणि नेमक्या तेव्हाच चौलच्या एक मावशी आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आल्या. दांडा ढिला होता, सोडला की घसरायचा. मी त्यांना म्हटलं, जरा हे धरता का, सोडू नका हं. त्यांनी पदर खोचला आणि धरला.

मी मशीनकडं गेले. तेवढ्यात शाळेतली पोरं प्रोजेक्टचे प्रिंट काढायला आली, मग लॅमिनेशनवाले आले, मग एकाला फॉर्म भरून हवा होता. मावशींना मी साफ विसरले! शेवटी त्यांचे यजमान शोधत आले आणि घरी चल म्हणून मागं लागले. मावशी जागच्या हलल्या नाहीत. स्क्रीनवर ढगांत तरंगणाऱ्या विमानावरची नजरही त्यांनी काढली नाही.

"थांबा वाईच. सोडू नको म्हणून सांगून गेलीय ती," त्या म्हणाल्या. "आत माणसं हायत."

* * *

दसऱ्याला मी दुकानातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करते. झेरॉक्स, प्रिंटर, लॅमिनेशन. मग थ्रॉटलनंच काय घोडं मारलंय? त्यालाही हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि अक्षता वाहिल्या.

दुसऱ्या दिवशी डावा दांडा अर्ध्यावरून पुढं जाईना. आम्ही पुन्हा कॅलिब्रेट केला, तर कॉम्प्युटरनं अर्ध्यालाच पूर्ण मानलं आणि खूश झाला. गायकवाड सर म्हणाले, माझ्या वर्गात अशी बरीच मुलं आहेत. शेवटी अशफाकभाईंनी तो खोलला आणि चिमट्यानं खाचेतून तांदळाचा एक दाणा बाहेर काढला, कुंकवासकट.

मी ओशाळले. गायकवाड सर वर्षभर अंधश्रद्धेवर भाषणं देत फिरतात, म्हणून आता ऐकून घ्यायची तयारी ठेवली. पण दाणा तळहातावर घेऊन ते उदास झाले.

"पूजेनं यंत्र बंद पडलं, याचा इतका सरळ पुरावा हातात आहे," ते म्हणाले, "आणि हे मी कुठंही सांगू शकत नाही. लोक म्हणतील, सरांनी रचलं."

* * *

नाथाकाकांनी बोटीवर इंजिनाचा दांडा कधी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. इथंही त्यांचा हट्ट तोच. पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी भरती आहे की ओहोटी, ते विचारलं. सरांनी समजावलं, विमानाला भरती-ओहोटी नसते. वारा तरी लागतो का? वारा लागतो, सर म्हणाले. मग समुद्रच की, म्हणून काका निघाले.

मुंबईपर्यंत झकास गेले. रनवे दिसला आणि त्यांनी वरूनच, चांगले घरांच्या उंचीवर असताना, दांडा मागं खेचून रिव्हर्स मारला! विमान हवेतच थबकलं आणि दगडासारखं खाली आलं.

आम्ही तिघं डोक्याला हात लावून बसलो. काका मात्र विमानावरच चिडले होते. त्यांचं म्हणणं, धक्क्याला लागताना आधीच रिव्हर्स मारायचा असतो. बोट उशिरा ऐकते, म्हणून तिला आधी सांगून ठेवायचं. हे विमान सांगितलं की लगेच ऐकतं, हा काय शहाणपणा?

"अशी बायको मिळाली असती तर मी समुद्रावर गेलोच नसतो," असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

पुढं ते शिकले. रोज यायचे, दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर. त्यांचा मुलगा एकदा मला म्हणाला, बाबा बोटीवरून उतरल्यापासून इथं येतात तेवढाच वेळ बोलतात.

* * *

आता हा शेवटचा.

यंदा दिवाळीनंतर थ्रॉटल बिघडला. काका उडवत असले की इंजिनं आपोआप कमी-जास्त व्हायची, विमान गचके खायचं. अशफाकभाईंनी खाऱ्या वाऱ्याला शिव्या दिल्या, थ्रॉटल खोलला, स्प्रे मारला, वायर बदलली. त्यांच्या हातात छान चालला. माझ्या हातात छान चालला. काकांनी धरला की पुन्हा गचके.

मग आम्ही कॅलिब्रेशनची स्क्रीन उघडून बसलो. तिथं दांड्याबरोबर वरखाली होणारी एक हिरवी पट्टी असते. काकांचा हात दांड्यावर होता आणि पट्टी थरथरत होती. काकांनी चहासाठी हात उचलला. पट्टी थांबली आणि कपबशी वाजायला लागली.

आम्ही तिघांनी ते पाहिलं. काकांनीही पाहिलं असावं, कारण त्यांनी चहा न पिताच बशी खाली ठेवली.

"यंत्र गेलं तुमचं," ते म्हणाले. "नीट व्हईल तवा बोलवा."

आणि यायचे बंद झाले. मी त्यांच्या मुलाला गाठलं. तो म्हणाला, बोट सोडली तेव्हाही असंच. इंजिन खराब म्हणाले आणि उतरले. इंजिन अजून चालतंय. मला फार वाईट वाटलं. ती पायरी सकाळी रिकामी बघवत नव्हती.

सर दोन-तीन दिवस सेटिंगमध्ये डोकं घालून बसले. त्यात एक सोय सापडली. हाताची बारीक हालचाल यंत्रानं मोजायचीच नाही, आणि मोठी हालचालही सावकाश मानायची, असं त्याला सांगता येतं. काकांसाठी ती बरीच वाढवावी लागणार होती. मी म्हटलं, त्यांच्या नावानं वेगळी ठेवू. सर म्हणाले, नाव स्क्रीनवर दिसतं. अशफाकभाई म्हणाले, मग सगळ्यांना एकच ठेवा. अशफाकभाईच काकांना आणायला गेले आणि पार्ट बदललाय म्हणून सांगितलं. आयुष्यातलं पहिलंच खोटं असेल, येताना कानांपर्यंत लाल झाले होते.

काका बसले. दांडा थोडा हलवून पाहिला. विमान क्षणभर थांबलं आणि मग ऐकलं, बोटीसारखं. काकांनी आमच्याकडं एकदा पाहिलं. मुंबई आली, त्यांनी विमानाला आधीच सांगून ठेवलं आणि ते असं उतरलं की चाकं टेकलेली कळलीसुद्धा नाहीत! मी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायला झेरॉक्स मशीनकडं गेले.

मग आमची पाळी. अशफाकभाईंनी विमान आपटलं. मी रनवे सोडून गवतात नेलं. विमान सांगितलेलं ऐकतच नव्हतं वेळेवर! सर तर थेट खाडीत. जोर दिला तेव्हा इंजिन झोपलेलं, आणि जागं झालं तेव्हा विमान पाण्यात. सर घाम पुसत थ्रॉटलकडं रागानं बघत होते.

काका उठले, सरांच्या मागं जाऊन उभे राहिले आणि खांद्यावर हात ठेवला. तो हात थरथरत होता.

"यंत्राला नावं ठेवू नका, सर," ते म्हणाले. "वय झालं की हात हलतो मानसाचा. रोज येत जा. मी शिकवीन."