उकंड्यावरचं नाव

माझं नाव उकंडा. शेणकचरा टाकायच्या खड्ड्याला आमच्याकडे उकंडा म्हणतात, तोच. तिसरीपर्यंत शिकलो. पाटीवर हेच नाव लिहिलं, सातबाऱ्यावर हेच आहे, मतदार यादीत हेच आहे. सत्तरच्या वर वय गेलं, पण या नावाची मला कधी घाण वाटली नाही. घाण वाटली ती नातवाच्या बारशात. ती अजून जिभेवर आहे, म्हणून लिहायला बसलो.

मुलगा कुडव्याला राहतो. गोंदियात गाड्यांच्या शोरूममध्ये काम करतो. त्याला पोरगा झाला तेव्हा मी बारशाच्या आठ दिवस आधीच तिकडे गेलो. घर चांगलं आहे, फरशी आहे. पण नातवाला हात लावायच्या आधी सून एका बाटलीतून माझ्या हातावर काहीतरी पचकन टाकायची. हातांना दवाखान्याचा वास यायचा. याच हातांनी मी दोन लेकरं वाढवली, हजार वेळा शेण काढलं, धान रोवलं. वास घेतला की जेवण जायचं नाही.

दिवसभर मोबाइलात नाव शोधणं चालू. एकेका नावाखाली तीन ओळी. अर्थ, मूळ, लोकप्रियता.

"मामाजी, हे ऐका," सून म्हणाली. "अर्थ, पहाटेच्या पहिल्या किरणाचं तेज. मूळ, संस्कृत. लोकप्रियता, अत्यंत कमी."

"अत्यंत कमी मंजे काय?"

"मंजे बाबूजी, कोणाचंच नाही," मुलगा म्हणाला. "पूर्ण जिल्ह्यात नाही भेटणार."

दुसऱ्या दिवशी त्याच नावाचा अर्थ दुसरीकडे 'समुद्राची लाट' निघाला. दोघांनी विचार केला आणि किरणच ठेवला. बाजारात दोन रंगांचे टॉवेल असावेत तसं. ते नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या तोंडाला ते बसत नाही.

मी म्हटलं, "माह्यं नाव टाकून पाहा."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. मग टाकलं. मोबाइलात जरा वेळ एक चक्र गोल गोल फिरलं. "माहिती उपलब्ध नाही."

मुलगा हसला. "घ्या. तुमचंच नाव सगळ्यात दुर्मिळ निघालं."

मोबाइलला नाही माहीत, तर मी सांगतो.

माझ्या आधी माझ्या मायची चार लेकरं गेली. कोणी पाचव्या दिवशी, कोणी दोन महिन्यांनी. पाचवा मी. सुईणीनं मला सुपात घातलं आणि घरामागच्या उकंड्यावर नेऊन ठेवलं. मरणाला वाटावं की हे टाकलेलं आहे, याला कोण नेतो. रानाकडच्या टोलीवरची, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीवरची, एक बाई आधीच सांगून ठेवलेली होती. ती आली, तिनं मला उचललं, लुगड्याच्या पदरानं पुसलं आणि आपल्या झोपडीत नेलं. तिच्या मांडीवर तिची दोन वर्षांची पोरगी होती. ती बाजूला सारून तिनं मला पाच दिवस पाजलं. पाचव्या दिवशी माझी माय सूपभर कोंडा घेऊन तिच्या दारात गेली आणि तो देऊन मला मागून आणलं. निघताना त्या बाईनं आपलं जुनं लुगडं फाडून मला अंगडं शिवून दिलं. माझ्या अंगावरचं पहिलं कापड ते. झाला अर्थ, झालं मूळ.

तेव्हापासून आमचा रिवाज आहे. आमच्या घरात लेकरू झालं की पहिलं अंगडं टोलीवरून येतं, त्याशिवाय नाव ठेवत नाहीत. माझ्या मुलाचं आलं, मुलीचं आलं. ती बाई गेली, आता तिची पोरगी शिवते. तीच, जिला माझ्यासाठी मांडीवरून खाली उतरावं लागलं. तिला मी बाई म्हणतो, थोरल्या बहिणीसारखी.

आणि लोकप्रियता म्हणाल, तर माझ्या लहानपणी आमच्या एका गावात तीन उकंडे होते. हाक मारली की तिघंही वळून पाहायचे. शाळेत एक पोरगा नाक धरून माझ्या बाजूला बसायचा. एकदा त्याला खरोखरच्या उकंड्यात नेऊन बसवलं, मग त्यानं नाक सोडलं. गुरुजींनी मला मारलं, मी शाळा सोडली. आता बाकीचे दोन गेले. उरलो मी एक. तेव्हा अत्यंत कमी कोणाचं, ते पाहून घ्या.

बारशाच्या दिवशी घराच्या मागे मांडव होता. फुगे होते, आणि मांडवाच्या तोंडाशी दोन माणसांच्या उंचीचा फ्लेक्स. त्यावर नातवाचा फोटो, त्याखाली ते नाव, आणि नावाखाली छापलेला अर्थ. किरण, तेज, संस्कृत, सगळं. आलेले लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. दुकानात डब्यावर आतला माल लिहितात तसं लेकरू छापून टांगलं होतं. मला शिसारी आली. मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि बाईची वाट पाहू लागलो.

बारा वाजले, एक वाजला. बाई येईना. शेजारच्या खुर्चीवर कार्ड पडलं होतं, ते उचललं. मी अक्षर अक्षर जोडून वाचतो, पण वाचतो. आजोबांच्या जागेवर दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. गुळगुळीत, तीन अक्षरी, पुढे राव. मला वाटलं सुनेचे वडील असतील. त्यांचं नाव खाली वेगळं छापलं होतं. परत वाचलं. तो राव मीच होतो.

मुलीकडून बाईला फोन लावून घेतला.

"काऊन नाही आली?"

"कोणाच्या घरी येऊ?"

"माह्या. नातवाचं बारसं आहे आज. कार्ड नाही भेटलं?"

"एक आलं होतं. नातसुनेकडून वाचून घेतलं. कोण्या रावसाहेबाच्या नातवाचं होतं. मी म्हणलं, चुकून आलं असन. आणणाऱ्याच्याच हाती वापस देल्लं."

"पोराचं नाव होतं ना त्याच्यात."

"तो मले बापू माहीत हाय. शाळेतलं नाव मले कोणं सांगतलं? आडनाव तं अर्ध्या तालुक्याचं तेच." मग ती म्हणाली, "अंगडं शिवून महिना झाला. म्हणलं, उकंड्या बोलावन तं जाइन. उकंड्या काही बोलावून नाही राहिला. मले वाटलं, आता लागत नसन."

मी फोन मुलीच्या हातात दिला. मुलाला मांडवामागे बोलावलं आणि कार्ड त्याच्या छातीवर ठेवलं.

"हा कोण?"

"बाबूजी, आज नोको."

"कोण आहे हा?"

"साहेब येणार होते शोरूमचे. सासरचे लोक. कार्ड सगळ्यांच्या हाती जाते. कसं दिसलं असतं?"

"कसं दिसलं असतं?"

तो खाली पाहत म्हणाला, "घाण दिसलं असतं."

मी त्याच्या समोरच थुंकलो. बाजूच्या मातीत, फरशीवर नाही, तेवढं भान होतं. त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. शेणानं मला आयुष्यात कधी ओकारी आली नाही, त्या वासानं आली. पिशवी उचलली, नाक्यावर गेलो आणि काळीपिवळीत बसलो. जेवलो नाही.

पुढचं मुलीनं सांगितलं. पाळणा सजवलेला, बायका जमलेल्या. नाव आत्यानं कानात सांगायचं, म्हणजे माझ्या मुलीनं. ती पाळण्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "टोलीवरचं अंगडं आलं नाही. मी नाव नाही ठेवत."

सून म्हणाली, "ताई, लोक थांबले आहेत. फ्लेक्सवर तं लिहिलंच आहे ना नाव."

"मंग फ्लेक्सलेच सांगा कानात सांगाले."

भाऊ चिडला, विनवणी केली, पुन्हा चिडला. ती माझ्यावर गेली आहे. शेवटी लोक जेवले, फोटो काढले, पाकिटं दिली आणि गेले. पोरगा बिननावाचाच राहिला. पाहुण्यांना ते कळलंही नाही, कारण नाव त्यांनी बाहेरच वाचलं होतं.

मी गावी न जाता सरळ टोलीवर बाईकडे गेलो होतो. चार दिवस तिथेच राहिलो. तिला एवढंच सांगितलं की कार्ड माझंच होतं. बोदलकशाच्या तलावातली मासळी खायची आणि ओट्यावर पडायचं. मुलाचे फोन यायचे, मी उचलायचो नाही.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी आली. मुलगा, सून, मांडीवर नातू, मागे माझी मुलगी. मी आतच बसलो. बाई दारात गेली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यानं नीट दिसतं.

"कोण होय?"

"आत्याबाई, मी. बापू."

"कोणता बापू? या टोलीवर पाच बापू हायेत. कोणाचा?"

मुलानं इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या ओट्यावर दोन माणसं धानाच्या तणसाचे दोर वळत होती, तीही थांबली.

"कोणाचा, म्हणलं?"

त्यानं माझं नाव घेतलं. पुटपुटला.

"मले कमी आयकू येते."

तिला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं.

"उकंड्याचा," मुलगा मोठ्यानं म्हणाला. "उकंड्याचा पोरगा आहो मी."

"हाव? मंग दारात कायले उभा आहेस. ये."

अंगडं तिनं डब्यातून काढलं. तिच्या मऊ झालेल्या हिरव्या लुगड्याचं होतं, बाह्या वाकड्या. नातवाला घातलं. मुलीनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं, मोबाइलातलंच. आईबापाची मर्जी. मी दुसरीकडे पाहत होतो.

"काय ठेवलं?" बाईनं विचारलं. मुलानं नाव सांगितलं आणि लगेच सुरू झाला, "आत्याबाई, याचा अर्थ…"

"अर्थ राहू दे. रात्री झोपते का नीट?"

नातवानं तेवढ्यात अंगड्यावर दूध ओकलं. बाईनं आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं. त्याच पदरानं तिनं सकाळी चूल पुसली होती. सुनेचा हात पर्समध्ये गेला, ती बाटली अर्धी बाहेर आली. तिनं मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाटली परत आत गेली.

मुलाशी मी त्या दिवशी बोललो नाही. अजून नीट बोलत नाही. पण निघताना सुनेला म्हटलं, "अंगडं धुवून ठेवजो. फेकू नोको."